महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील संशोधन: प्रा. के. वेंकटरामन यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील आधुनिक विज्ञानाच्या इतिहासलेखनात दोन प्रकारची मांडणी प्रामुख्याने आढळते. पहिली मांडणी थोर व्यक्तींची असून तिच्या केंद्रस्थानी जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, चंद्रशेखर वेंकट रामन अशी नावे असतात. दुसरी मांडणी संस्थांची असते. तीत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, अणुऊर्जा आयोग आणि स्वातंत्र्याच्या सुमारास उभारल्या गेलेल्या राष्ट्रीय प्रयोगशाळा यांना मानाचे स्थान मिळते. या दोन्ही मांडण्यांत सामान्य महाविद्यालय बहुधा दिसत नाही. बोस आणि राय हे दोघेही कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकवीत होते हे खरे. परंतु ते १९११ पर्यंत राजधानी असलेल्या शहरातील सरकारी आणि संपन्न महाविद्यालय होते. महाविद्यालयाने शिकवावे आणि संशोधन अन्यत्र, मोठ्या संस्थेत व्हावे, ही श्रमविभागणी आपण इतकी गृहीत धरली आहे की, तिलाही एक इतिहास आहे याचा आपल्याला विसर पडतो.

प्रस्तुत निबंधात कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१-१९८१) या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या कारकिर्दीच्या आधारे हा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. वेंकटरामन जन्माने मद्रासचे. तथापि त्यांची कर्मभूमी महाराष्ट्र होय. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे ‘यूडीसीटी’त, त्यांनी तेवीस वर्षे घालविली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, अर्थात ‘एनसीएल’चे, ते पहिले भारतीय संचालक झाले. असे असूनही मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. ज्या रासायनिक अभिक्रियेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तिच्यावरील काम त्यांनी मुंबईत किंवा पुण्यात केलेले नाही. ते लाहोरच्या एका मिशनरी महाविद्यालयात, पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना शिकवीत असताना झाले. महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने या कारकिर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच चरित्रविषयक टिपणांत एका ओळीत उरकली जाते.

रंग, गिरण्या आणि वसाहतवाद

वेंकटरामन यांचा अभ्यासविषय रंगद्रव्ये हा होता. या विषयाला भारताच्या आर्थिक इतिहासात विशेष महत्त्व आहे. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून पहिले महत्त्वाचे कृत्रिम रंगद्रव्य तयार केले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी प्रत्यक्ष चालू झाली तीही १८५६ मध्येच. हा योगायोग असला तरी पुढील शतकाची दिशा त्यात दिसते. भारतात गिरण्या वाढत गेल्या, कापूस येथला, मजूर येथले, भांडवलही पुष्कळ अंशी येथलेच. रंग मात्र बाहेरचा. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालमधील निळीची शेती काही वर्षांतच कोलमडली. ज्या निळीने शेतकऱ्यांना नाडले तिचा अंत कोणत्याही कायद्याने वा चळवळीने होण्याआधीच प्रयोगशाळेने घडवून आणला होता. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहाच्या वेळी शिल्लक होती ती या अंताची शेवटची धडपड.

म्हणजे भारत रंगांचा निर्यातदार होता तो आयातदार झाला. या परिस्थितीची जाणीव असलेले काही शिक्षक पश्चिम भारतात होते. त्यांपैकी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी बडोद्याच्या कलाभवनात रंगकामाचे शिक्षण सुरू केले आणि पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. दामोदर चापेकर यांनी १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा तो संगमरवर डागमुक्त करण्याचे श्रेय याच गज्जरांना मिळाले. क्रांतिकारकाच्या कृत्याच्या खुणा पुसणारा तो रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती झाली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. कारण स्वदेशी रसायन उद्योगाच्या पायाभरणीत गज्जरांचा वाटा निर्विवाद आहे. तथापि गज्जरांच्या पिढीला रंगाचे तंत्र अवगत करता आले, नवी रंगद्रव्ये घडविण्याचे शास्त्र उभे करता आले नाही. ते काम पुढच्या पिढीकडे आले.

मँचेस्टर ते लाहोर

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते मँचेस्टरला गेले. मँचेस्टर हे लँकेशायरच्या कापडउद्योगाचे केंद्र. त्यामुळे रंगरसायनाचे शिक्षण तेथे प्रतिष्ठेचे होते. भारतीय हातमागाच्या ऱ्हासाशी ज्या शहराचे नाव जोडले जाते, त्याच शहरातून भारतीय रंगरसायनाचा शिक्षक तयार होऊन यावा, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे. तेथे त्यांना रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला. वनस्पतींतील रंगद्रव्ये आणि अल्कलॉइडे यांवरील कामासाठी रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲलन आणि रॉबिन्सन यांनी १९२४ मध्ये फ्लेव्होन गटातील संयुगे तयार करण्याची एक रीत प्रसिद्ध केली होती. वेंकटरामन यांचे पुढील संशोधन या धाग्याला धरून झाले.

भारतात परतल्यावर काही काळ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काढून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात रुजू झाले आणि १९३४ पर्यंत तेथे राहिले. हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे महाविद्यालय. त्या काळी लाहोर हे उत्तर भारतातील शिक्षणाचे मोठे केंद्र होते आणि शांतिस्वरूप भटनागर हे तेथील विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, हे लक्षात घेतले तरी फोरमन ख्रिश्चन हे मुळात शिकविण्यासाठी स्थापन झालेले महाविद्यालय होते. तेथील अध्यापकाचा दिवस तासिका, प्रात्यक्षिके आणि परीक्षा यांत जात असणार, हे सांगण्यासाठी पुराव्याची गरज नाही. आपणा सर्वांना तो दिवस परिचित आहे.

१९३३ चे टिपण

वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी एच. एस. महल यांनी १९३३ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. हे नियतकालिक बंगलोरहून १९३२ मध्ये सुरू झालेले, म्हणजे तेव्हा केवळ दुसऱ्या वर्षात होते. त्याच वर्षी ऑक्सफर्डचे विल्सन बेकर यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याच अभिक्रियेविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढील वर्षी, १९३४ मध्ये, महल आणि वेंकटरामन यांचा सविस्तर निबंध त्याच लंडनच्या नियतकालिकात आला. आज जगभरातील सेंद्रिय रसायनाच्या पाठ्यपुस्तकांत ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून जी अभिक्रिया शिकविली जाते, ती हीच.

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. फुलांतील, सालींतील आणि लाकडांतील पुष्कळसे पिवळे रंग फ्लेव्होन नावाच्या संयुगांमुळे येतात. निसर्गातून वेगळे केलेल्या फ्लेव्होनची रचना आपण ओळखली ती बरोबर आहे की नाही हे सिद्ध करावयाचे, तर तेच संयुग प्रयोगशाळेत पायरीपायरीने तयार करून दोन्ही एक असल्याचे दाखवावे लागे. त्यासाठी भरवशाची रीत हवी होती. बेकर आणि वेंकटरामन यांना असे आढळले की, ॲसिटोफिनोनसारख्या कीटोनमध्ये शेजारच्या ऑक्सिजनवर बसविलेला ॲसिल गट अल्कलीच्या प्रभावाने ऑक्सिजन सोडून जवळच्या कार्बनवर सरकतो आणि डायकीटोन तयार होतो. त्या डायकीटोनवर आम्लाची क्रिया केली की कडे मिटते आणि फ्लेव्होन हाती येतो. बेकर यांनी पोटॅशियम कार्बोनेट वापरले, लाहोरच्या गटाने सोडामाइड. दोघेही मँचेस्टरमध्ये रॉबिन्सन यांच्या परिघात वावरलेले असल्याने एकाच प्रश्नावर दोघांनी स्वतंत्रपणे काम करावे यात नवल नाही. नवल आहे ते हे की, ऑक्सफर्ड आणि लाहोर यांच्यातील साधनांची तफावत या निष्पत्तीत कोठे दिसत नाही.

ही तफावत का दिसत नाही, हा प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ वेंकटरामन यांच्या बुद्धिमत्तेत शोधणे पुरेसे ठरणार नाही. १९३० च्या दशकातील सेंद्रिय रसायनशास्त्राची साधने कोणती होती, हे पाहावे लागेल. काचेची पात्रे, ऊर्ध्वपातनाची उपकरणे, शुद्ध द्रावक, स्फटिकीकरणाचे कसब, द्रवणांक मोजण्याचे साधे यंत्र, फेरिक क्लोराइडने येणारा रंग, आणि संयुग जाळून त्यातील कार्बन-हायड्रोजनचे प्रमाण ठरविण्याची सोय, एवढ्यावर आंतरराष्ट्रीय दर्जाचे काम करता येत असे. तयार केलेले संयुग आणि निसर्गातून मिळालेले संयुग एकत्र मिसळून द्रवणांक खाली येत नाही, एवढे दाखविले की ती दोन्ही एक ठरत. ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञाजवळ याहून फार वेगळे काही नव्हते. जो फरक होता तो ग्रंथालयाचा, रसायनांच्या पुरवठ्याचा आणि वेळेचा. हा फरक लहान नव्हे. पण तो परिश्रमाने भरून काढता येण्याजोगा होता. साधारणपणे १९२० ते १९५० या तीन दशकांत भारतीय महाविद्यालयांना सेंद्रिय रसायनशास्त्रात जी संधी मिळाली तिचे कारण हे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या संदर्भात आणखी एक तपशील बोलका आहे. १९३४ च्या निबंधाच्या शीर्षकात ‘क्रोमोन गटातील संश्लेषणात्मक प्रयोग’ या मालिकेचा तो चौदावा भाग असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या निबंधामुळे नाव अजरामर झाले त्याच्यामागे तेरा भाग उभे होते. १९३५ मध्ये याच मालिकेत सेलेनियम डायऑक्साइडच्या साहाय्याने चॅल्कोनपासून फ्लेव्होन तयार करण्याविषयीचा निबंध आला. त्यावर महल आणि वेंकटरामन यांच्यासमवेत राय हे तिसरे नाव आहे. दुसऱ्या एका निबंधावर भल्ला हे नाव दिसते. एकच प्रश्न धरून, विद्यार्थी आणि सहकारी बदलत गेले तरी तो न सोडता, वर्षानुवर्षे काम करीत राहणे ही महाविद्यालयात शक्य असलेली कार्यपद्धती होती. आज पदोन्नतीच्या अर्जातील गुणांचे रकाने भरण्यासाठी दर वर्षी वेगळ्या विषयावर लिहिण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याच्याशी ही पद्धत ताडून पाहण्यासारखी आहे.

पुण्यातील एक समांतर उदाहरण

वेंकटरामन हे अपवाद होते काय? महाराष्ट्रापुरते पाहिले तर तसे म्हणता येत नाही. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये टी. एस. व्हीलर आणि त्यांचे विद्यार्थी फ्लेव्होनवर काम करीत होते. विरकर आणि व्हीलर यांचा १९३९ चा निबंध या अभिक्रियेच्या विस्ताराच्या संदर्भात आजही उल्लेखिला जातो. परंतु याहून अधिक लक्षवेधी उदाहरण पुण्याचे आहे.

न्यायमूर्ती रानडे यांच्या स्मरणार्थ पुण्यात चाललेल्या रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूटमध्ये दत्तात्रय बाळकृष्ण लिमये काम करीत. रेसॉर्सिनॉल या संयुगातील दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधल्या जागेवर ॲसिल गट बसविणे अवघड असते. तो गट नेहमी दुसरीकडेच जाऊन बसतो. लिमये यांनी युक्ती योजिली. रेसॉर्सिनॉलपासून आधी कूमरिन तयार करून नको असलेली जागा तात्पुरती अडवावयाची, मग ॲसिल गट हव्या त्या जागी न्यावयाचा आणि शेवटी अल्कलीने कूमरिनचे कडे मोडून टाकावयाचे. या रीतीला ‘निधोन’ प्रक्रिया असे नाव मिळाले. लिमये यांनी आपले काम जर्मन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि १९३६ पासून ‘रसायनम्’ या पुण्यातून निघणाऱ्या नियतकालिकातही दिले. अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ या विश्वासार्ह कृतींच्या वार्षिक संग्रहाच्या १९४१ च्या खंडात या मार्गाने डायहायड्रॉक्सिॲसिटोफिनोन तयार करण्याची कृती समाविष्ट झाली.

संस्कृत नावाच्या एका पुणेरी नियतकालिकातील काम जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले, ही घटना आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांकडे पाहण्याच्या दृष्टीत थोडा बदल घडवू शकेल. तरीही वेंकटरामन आणि लिमये यांच्या पुढील प्रभावात फार मोठे अंतर पडले. लिमये यांचे नाव मराठी वाचकांनाही सहसा ठाऊक नसते. कारण एका व्यक्तीच्या हाताने साधलेले संशोधन कितीही अस्सल असले, तरी त्याला विद्यार्थ्यांची अखंड साखळी आणि संस्थेचा आधार मिळाला नाही तर ते संदर्भटिपेत राहते. वेंकटरामन यांना हा आधार मुंबईत मिळाला. खरे तर त्यांनी तो घडविला.

मुंबईचा विभाग

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. आर. बी. फोर्स्टर हे त्याचे पहिले प्रमुख. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे आरंभीचे दोन विषय होत. त्यावरून विभागाचा गिरण्यांशी असलेला संबंध स्पष्ट होतो. वेंकटरामन १९३४ मध्ये येथे आले आणि १९३८ मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या स्वतःच्या वास्तूत गेला. त्यांच्या कार्यकाळात रंगद्रव्ये, औषधे, तेले, अन्न, रंगलेप अशा उपयोजित शाखांचे शिक्षण येथे आकारास आले. या वाढीस मुंबईच्या उद्योगपतींच्या देणग्यांचे साहाय्य झाले.

येथे एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. विभाग उद्योगाच्या पैशाने आणि उद्योगाच्या गरजेपोटी वाढला. परंतु वेंकटरामन यांनी त्याला गिरणीची चाचणी-प्रयोगशाळा होऊ दिले नाही. विद्यार्थ्याला रंगाचे कापडावरील वर्तन शिकावे लागे, तसेच त्या रंगाच्या रेणूची रचनाही. उपयोजित आणि मूलभूत यांतील भेद त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात मानला नाही. त्यामुळे या विभागातून कारखानदार बाहेर पडले आणि प्राध्यापकही. घरडा केमिकल्सचे संस्थापक केकी घरडा हे येथील विद्यार्थी. १९५० च्या दशकात येथेच पदवी घेऊन पुढे केंब्रिजहून परतलेले मनमोहन शर्मा १९६४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी याच विभागात प्राध्यापक झाले आणि १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. हा विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला.

या यशोगाथेची दुसरी बाजू दृष्टिआड करणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. कृत्रिम रंगांच्या उद्योगाने कल्याण-अंबरनाथपासून वापीपर्यंतच्या पट्ट्यात रोजगार दिला, तसे नद्यांचे पाणीही रंगविले. बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांमुळे कर्करोग संभवतो हे निश्चित झाल्यावर भारत सरकारने १९९३ मध्ये असे बेचाळीस रंग आणि १९९७ मध्ये आणखी सत्तर ॲझो रंग हाताळण्यास बंदी घातली. या परिणामांची जबाबदारी एका शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. मात्र रंगरसायनाचा इतिहास केवळ आयातीपासून मुक्तीचा इतिहास म्हणून लिहिला तर तो अपुरा राहील.

‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲकॅडेमिक प्रेसने वेंकटरामन यांचा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही खंडांची मिळून सुमारे चौदाशे पृष्ठे होतात आणि ती एकहाती लिहिलेली आहेत. लवकरच रशियन भाषेत त्याचा अनुवाद झाला. रंगरसायनाच्या अभ्यासकांना हा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाणभूत वाटत आला आहे.

या ग्रंथाच्या सामग्रीचा इतिहास विशेष मनोवेधक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रंगांच्या निर्मितीचे ज्ञान मुख्यतः जर्मनीच्या आय. जी. फार्बेन या महासंघाच्या हाती होते. पेटंटे प्रसिद्ध होत, पण त्यांत प्रत्यक्ष कृती झाकलेली असे. १९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांची पथके कारखान्यांत शिरली. त्यांनी कागदपत्रे तपासली, तंत्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या आणि ‘बायॉस’, ‘फियाट’ अशा संक्षिप्त नावांनी ओळखले जाणारे शेकडो अहवाल सार्वजनिक केले. आउश्वित्झच्या छळछावणीला लागून कारखाना चालविणाऱ्या आणि ज्याच्या संचालकांवर १९४७-४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे खटला चालला अशा महासंघाची ही गुपिते होती. ती विजेत्या राष्ट्रांच्या कंपन्यांना सहज उपलब्ध झाली. परंतु ती विखुरलेली, परस्परांशी न जुळणारी आणि संदर्भाशिवाय निरर्थक अशी होती. वेंकटरामन यांनी पेटंटे, संशोधन-निबंध आणि हे अहवाल एकत्र वाचून त्यांची शास्त्रीय रचना लावली. ज्या देशाला शंभर वर्षे रंग विकत घ्यावे लागले, त्या देशातील एका विद्यापीठ-विभागातून त्या ज्ञानाचा जागतिक संदर्भग्रंथ तयार झाला. १९५२ याच वर्षी गुजरातमधील अतुल येथील रंगद्रव्यांच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. स्वदेशी रंगउद्योगाच्या इतिहासात कारखान्याची नोंद होते, ग्रंथाची क्वचितच होते.

पुढे १९७० ते १९७८ या काळात याच ग्रंथाचे आणखी सहा खंड निघाले. ते मात्र अनेक देशांतील तज्ज्ञांकडून लिहवून घेतलेले आणि वेंकटरामन यांनी संपादिलेले आहेत. एका व्यक्तीला संपूर्ण विषय कवेत घेता येण्याचे दिवस संपले होते, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

पुणे आणि शिष्यपरंपरा

एनसीएलचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. जेम्स मॅकबेन आणि जी. आय. फिंच हे तिचे पहिले दोन संचालक परदेशी होते. १९५७ मध्ये वेंकटरामन तिसरे संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. प्रशासकीय कारकिर्दीपेक्षा त्यांनी या काळात व निवृत्तीनंतर जे संशोधन चालू ठेवले ते येथे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी फणसाच्या लाकडातील पिवळी द्रव्ये, तुतीच्या मुळाच्या सालीतील द्रव्ये आणि लाखेतील तांबडा रंग यांचा अभ्यास केला. फणसाच्या लाकडाने आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगविली जात. लाखेचा रंग तर भारतात प्राचीन काळापासून ज्ञात. कृत्रिम रंगांचा जगन्मान्य ग्रंथकार उत्तरायुष्यात नैसर्गिक रंगांकडे वळला असे वरवर दिसते. पण तो मुळात फ्लेव्होनचाच अभ्यासक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही आपल्या आरंभीच्या प्रश्नाकडे परत येण्याची क्रिया होती असे म्हणावे लागते.

फरक होता तो साधनांत. लाखेतील लॅकाइक आम्लांची रचना १९६० च्या दशकात उलगडली ती अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन आणि द्रव्यमान वर्णपटमापन या तंत्रांच्या आधारे. लाहोरला जे काम द्रवणांकावर भागले, त्या जातीच्या कामाला आता लाखो रुपयांची उपकरणे लागू लागली. ही उपकरणे राष्ट्रीय प्रयोगशाळेत आली. महाविद्यालयात आली नाहीत. महाविद्यालयीन अध्यापकांची वृत्ती बदलली म्हणून संशोधन महाविद्यालयातून गेले, असा एक नैतिक सूर आपल्या चर्चासत्रांत वारंवार ऐकू येतो. वेंकटरामन यांची कारकीर्द या दोन्ही काळांना जोडणारी असल्याने तिच्यातून वेगळे कारण पुढे येते. साधनांची किंमत वाढली आणि त्यांचे वाटप एका धोरणानुसार झाले. विद्यार्थी महाविद्यालयाकडे आणि उपकरणे प्रयोगशाळेकडे, ही विभागणी १९५० नंतरची आहे; ती नैसर्गिक नाही आणि फार जुनीही नाही.

शिष्यपरंपरेचा विचार करता तीन नावे पुरेशी आहेत. बाळ दत्तात्रेय टिळक हे यूडीसीटीतील त्यांचे विद्यार्थी. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनीही रॉबिन्सन यांच्याकडे काम केले, म्हणजे ते आपल्या गुरूचे गुरुबंधूही ठरले. १९६६ मध्ये एनसीएलचे संचालकपद वेंकटरामन यांच्याकडून टिळकांकडे आले आणि १९७८ पर्यंत राहिले. निवृत्तीनंतर टिळकांनी ग्रामीण विकासासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा उपयोग करणारी संस्था पुण्यात उभी केली. नित्यानंद हे लायलपूरचे. लाहोर व दिल्ली येथे शिकून त्यांनी मुंबईत वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली १९४८ मध्ये पीएच.डी. मिळविली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे ते १९७४ ते १९८४ या काळात संचालक होते. ‘सहेली’ या नावाने परिचित झालेली गर्भनिरोधक गोळी ज्या सेंटक्रोमन संयुगावर आधारित आहे, ते त्यांच्या गटाचे काम होय. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तिसरे ए. व्ही. रामाराव. लाखेच्या रंगावरील निबंधांत त्यांचे नाव गुरूंसमवेत आढळते. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे ते १९८५ ते १९९५ या काळात संचालक होते आणि एड्सवरील झिडोव्हुडिन हे औषध भारतात स्वस्तात तयार करण्याची प्रक्रिया तेथे विकसित झाली. १९७४ ते १९७८ ही चार वर्षे अशी होती की, देशातील दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा एकाच शिक्षकाच्या दोन विद्यार्थ्यांच्या हाती होत्या.

रंगापासून औषधापर्यंतचा हा प्रवास आकस्मिक नव्हे. रेणू जोडण्याची जी शिस्त फ्लेव्होनसाठी शिकविली गेली, तीच औषधाच्या रेणूसाठी उपयोगी पडली. संशोधनाचा प्रभाव उद्धरणांच्या संख्येने मोजण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. या पद्धतीने वेंकटरामन यांचे मोजमाप कमीच भरेल. बेकर-वेंकटरामन अभिक्रिया वापरणारा आजचा संशोधक १९३३ चे टिपण उद्धृत करतोच असे नाही. नाव भाषेत मुरले की संदर्भाची गरज उरत नाही. आणि विद्यार्थ्याच्या हाताला लागलेल्या वळणाची नोंद तर कोणत्याच सूचीत होत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांना एक संबंध येथे सांगितला पाहिजे. वेंकटरामन यांची एकुलती कन्या म्हणजे धर्मा कुमार. ‘लँड अँड कास्ट इन साउथ इंडिया’ हा १९६५ चा ग्रंथ आणि ‘केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ इंडिया’च्या १९८३ च्या दुसऱ्या खंडाचे संपादन यांमुळे आर्थिक इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या परिचित आहेत. त्यांचे बालपण लाहोर आणि मुंबई येथे, म्हणजे पित्याच्या या दोन कर्मभूमींतच गेले. वसाहतकाळातील दारिद्र्याविषयीची प्रस्थापित विधाने आकडेवारीवर घासून पाहण्याचा त्यांचा आग्रह अनेकांना रुचला नाही. नमुना शुद्ध आहे की नाही हे आधी तपासावे, ही सवय त्या घरात होती एवढे मात्र खरे.

वेंकटरामन यांनी संपादिलेला ‘द ॲनॅलिटिकल केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा ग्रंथ १९७७ मध्ये आणि सिंथेटिक डाइजचा आठवा खंड १९७८ मध्ये निघाला. पहिल्यात रंग वेगळे करण्याच्या आणि ओळखण्याच्या रीती आहेत. घातक ॲझो रंगांवरील बंदी अमलात आणावयाची तर याच प्रकारच्या रीती लागतात. १२ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात महल आणि वेंकटरामन यांनी सोडामाइडचे प्रयोग केले, ते १९४७ पासून दुसऱ्या देशात आहे. त्यांचे टिपण छापणारे ‘करंट सायन्स’ मात्र आजही बेंगळुरूहून प्रसिद्ध होते.